जाळीवरचा सडका वास

४ तारीख, सोमवार

ही वही वन्संनी आणून दिली. म्हणाल्या, "वहिनी, तापातून उठल्यापासून माझं डोकं खातेयस. त्यातलं थोडं आता कागदाला खायला घाल." वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. नवरा गेला, त्यांनी लग्न केलं नाही, आम्ही दोघी उरलो आणि हे ग्रिल उरलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. जाळीवर मी, काउंटरवर त्या. लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं म्हणतेय, आता नावानं हाक मारली तर त्या मागे वळूनसुद्धा बघायच्या नाहीत.

तर लिहिते. आज तापानंतर पहिल्यांदा जाळीपुढे उभी राहिले आणि ओकारी येता येता राहिली. मांस सडकं होतं. दिसायला छान, हीच तर लबाडी. लाल रंग, कडेला चरबीची पांढरी पट्टी, बोटानं दाबलं की परत वर येणारं. पण जाळीवर टाकल्याबरोबर असा भपकारा आला की काय सांगू. जळकं रबर, तुंबलेलं गटार, आणि त्यावर कुणीतरी स्वस्तातलं गोड सेंट शिंपडलेलं. मी चिमट्यानं उचलून एकेक स्टेक कचऱ्याच्या डब्यात टाकला.

वन्सं धावत आल्या. "अगं काय करतेस? चांगलं आहे ते!"

"वास घ्या."

त्यांनी डब्यात तोंड घातलं. "मला तर काही वाईट येत नाहीये."

यायचा कुठून? मी तोंडावरच म्हटलं, देवानं तुम्हाला नाक दिलंय ते चष्मा ठेवायला. दूध उतू जाऊन करपलं तरी यांना शेजारच्यांनी सांगावं लागतं.

५ तारीख, मंगळवार

मामाशी बोलणं तोडलं. मामा म्हणजे आमचा खाटीक, नवऱ्याच्या वेळेपासूनचा. त्याच्या लाकडी ठोकळ्यावर माझ्या संसाराचा अर्धा वेळ गेला असेल. म्हणून आधी नीटच विचारलं, "मामा, काल काय दिलंत?"

"सकाळचंच होतं, वहिनी. तुम्हाला कधी शिळं दिलंय का मी?" त्यानं ठोकळ्यावरचा तुकडा उचलून माझ्या नाकाशी धरला. कच्च्याचा वास बेताचा होता, पण आत कुठेतरी तेच गटार होतं. मी मागे सरले. दुकानातली दोन माणसं बघायला लागली.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" त्यानं विचारलं.

म्हणजे माल सडका ह्याचा, आणि तब्येत बिघडली माझी! एवढा जुना माणूस इतका खाली घसरेल असं वाटलं नव्हतं. उद्यापासून त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, असं वन्संना बजावून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या मान हलवण्याला हो म्हणतात की नाही, हे अजून मला कळलेलं नाही.

७ तारीख, गुरुवार

आज तर कहर झाला. मसाला बाटला.

आमचं ग्रिल चालतं ते त्या कोरड्या मसाल्यावर. धणे, काळी मिरी, जिरं, मोहरी, सुकी मिरची मंद आचेवर भाजायची. गार झाल्यावर जाडसर कुटायचं, मग जाड मीठ, लसणाची पूड, तांबडी साखर आणि कडू कॉफी. स्टेक फडक्यानं कोरडा टिपायचा, मसाला दोन्ही अंगांना चोळायचा, थोडा वेळ ठेवायचा, आणि जाळीवर टाकला की कुणी काहीही बोललं तरी हात लावायचा नाही. साखर धरते, वर काळपट कुरकुरीत थर येतो, आत लाल राहतं. लोक लांबून येतात त्याच्यासाठी. प्रमाण विचारतात. प्रमाण नाहीच. मी कधी मोजलं नाही. कढईवर तोंड धरायचं आणि नाक सांगेल तेव्हा उतरवायचं. नवरा म्हणायचा, तुझ्या नाकावर आपलं घर चालतं.

तापाच्या आधी मी मोठी बरणी भरून ठेवली होती. आज झाकण उघडलं आणि तोच भपकारा. कॉफीचा तर असा की कुणाचे तरी ओले मोजे जाळलेत. मी बरणी वन्संच्या हातात दिली. "टाकून या."

"अख्खी?"

"अख्खी. दमट हवेनं गेला सगळा."

"अगं, हवा तर कोरडी आहे."

"वन्सं, टाका म्हणते ना!"

त्या मागच्या दारानं बरणी घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. एवढ्या लवकर ती रिकामी करून धुतलीही असेल, तर मोठं नवल. माझ्या ताकदीचं काम असतं तर मीच केलं असतं. मला पायरीवर बसावं लागलं.

९ तारीख, शनिवार

मांस आता नव्या दुकानातून आणते. काचेचं दार, पांढऱ्या फरशा, मालक हातमोजे घालून बोलतो. मी त्याला फ्रीजवाला म्हणते, कारण दहा वाक्यांतली नऊ त्याच्या फ्रीजबद्दल असतात. त्याचंही मांस जाळीवर टाकलं आणि तेच! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मांस नव्हे, कोळसा. कोळशावर कुणीतरी तेल ओततंय. कोळसेवाल्याला झापलं. तो म्हणाला, बाई, हुंगा. हुंगला. कोळशाला काहीच वास नव्हता. म्हणजे पेटल्यावर येत असणार. चोर पक्का आहे.

आणखी एक. दात घासायची पेस्ट हल्ली भेसळीची येते. कांदाही. फोडणीत पडला की जिन्यापर्यंत घाण. लोकांना लाज कशी वाटत नाही कळत नाही. सगळ्या वस्तूंत एकच घाण मिसळतात, म्हणजे कुठेतरी तिचा कारखाना असला पाहिजे. वन्संना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वहिनी, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

मी म्हटलं, "दाखवा की. तुम्ही जा. नाकाचं काहीतरी होईल तुमच्या."

त्या उठून काउंटर पुसायला गेल्या. पुसलेलंच पुसत होत्या.

११ तारीख, सोमवार

नवा मसाला केला. कॉफी बाद, लसूण बाद, जिरं बाद, भाजणं बाद. भाजलं की घाण सुटते. लवंग, सुंठ आणि मीठ ह्यांचा वास तेवढा सरळ येतो, म्हणून लवंग भरपूर घातली. मग आणखी घातली. वास येईपर्यंत घालत गेले. वन्संना चाखायला दिला. चमचा तोंडात गेला आणि त्यांचे डोळे भरून आले, मग तांब्याभर पाणी प्यायल्या, मग उगाच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कसा आहे?"

"वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "दाढ दुखत होती माझी, ती थांबली."

हे कौतुक होतं असं मी धरून चालते.

खरं सांगायचं तर आत धाकधूक आहे. या जाळीपुढची जागा सोडून मला दुसरं काही येत नाही. शिवण नाही, हिशेब नाही, गोड बोलणं तर नाहीच नाही. ग्रिल बसलं तर मी वरच्या खोलीत बसून काय करणार? नवरा गेला तेव्हा काही दिवस तशी बसले होते. तसं परत बसायचं नाही.

१२ तारीख, मंगळवार

आज मनावर दगड ठेवून वन्संना सांगितलं की तुमच्या अंगाला वास येतो. सकाळी चहा देताना जवळ आल्या आणि मला श्वास धरावा लागला. त्यांच्या केसांना, गळ्याला, साडीला. चहालाही होता, पण चहाचं आता काय बोलायचं.

वन्सं लालबुंद झाल्या. "कसला वास?"

"आता कसला ते कसं सांगू? स्वच्छ राहावं माणसानं. आपला खाण्याचा धंदा आहे."

त्या बादली घेऊन न्हाणीत गेल्या. संध्याकाळी परत केस ओले दिसले. सांगितलेलं मनावर घेतात, हा एक गुण आहे त्यांच्यात. वास मात्र तसाच आहे.

१५ तारीख, शुक्रवार

गावातल्या क्लबचा मॅनेजर येऊन गेला. तेवीस तारखेला त्यांचं वर्षाचं मोठं जेवण असतं. आधीचा ग्रिलवाला गाव सोडून गेलाय. ह्या जेवणाला आपली जाळी पसंत पडली तर क्लबच्या बागेतली जागा कायमची आपल्याला. वन्सं महिनाभर त्याच्या मागे लागून होत्या, मला आज कळलं.

तो चाखायला येणार म्हटल्यावर वन्सं म्हणाल्या, "मसाला मी लावते, तू फक्त जाळी बघ." बरंच झालं. हल्ली मी तोंडाला ओलं फडकं बांधूनच भाजते, त्यावर लवंगेचं तेल. स्टेक माझ्या हातात आले तेव्हा वरचा मसाला जरा तांबूस वाटला. माझा नवा मसाला काळपट आहे. उजेडाचा फरक असेल. जाळीवर टाकला आणि तो भपकारा फडक्यातून आत आला, डोळ्यांतून पाणी काढून गेला. पण हात चुकला नाही. कधी उलटायचं ते मला कानानं कळतं. चरबीचा आवाज बारीक झाला की झालं.

मॅनेजरनं एक घास घेतला आणि डोळे मिटले. "बाई, हाच तो! ती कॉफीची जराशी कडवट चव, ती कशी काय जमवता?"

मी फडक्याच्या आत हसले. कॉफी! एक दाणा नाही त्यात. माणसांना चवीतलं काही कळत नाही, सांगितलेलं तेवढं कळतं. याला कुणीतरी सांगितलं असणार की आमच्याकडे कॉफी घालतात, बसला चघळत. वन्सं मात्र कौतुकानं मान डोलवत होत्या. "आमच्या वहिनीचा हात आहे," म्हणाल्या.

तेवीसचं ठरलं. माझ्या लवंगेनं करून दाखवलं! वन्संना म्हटलं, बघा, दाढदुखी बरी करणारा मसाला. त्या हसल्या, पण नजर दुसरीकडे होती.

१८ तारीख, सोमवार

आज मागच्या गल्लीत मामाची स्कूटर उभी होती. खिडकीतून पाहिलं तर वन्सं त्याच्याशी हलक्या आवाजात बोलतायत, हातात कापडी पिशवी, जड दिसत होती. मी खिडकी उघडल्याचा आवाज झाला तशी पिशवी पाठीमागे गेली. वन्संची!

"काय काम होतं?" मी नंतर विचारलं.

"सहज. चौकशी करत होता तुझी."

चौकशी. धंदा गेला म्हणून घोटाळतोय मेला, नाहीतर... नाहीतर दुसरं काही असेल. सकाळ-संध्याकाळ अंघोळी, धुतलेली साडी, पावडर. आता सगळं जुळलं. या वयात! मला हसावं की रडावं कळेना. माणूस विधुर आहे, वन्संना कुणी नाही, तसं वाईट काहीच नाही. पण निवडून निवडून सडकं मांस विकणारा?

२० तारीख, बुधवार

जेवण जात नाही. काकडी जाते, थंड उकडलेला बटाटा जातो, पाणी जातं. परकराची नाडी दोन बोटं आत घ्यावी लागली. अंघोळीनंतर स्वतःचे तळहात हुंगले तर तिथेही तीच घाण. मांसाला हात लावून लावून कातडीत मुरली असणार. चिंचेनं घासले, लिंबानं घासले, शेवटी विटेच्या तुकड्यानं घासले. आता आग होतेय आणि घाणही येतेय.

वन्संचं काहीतरी बिनसलंय. कांदा चिरायला मागच्या गल्लीत जातात, तिथे पायरीवर बसून चिरतात आणि शेजारणीच्या चुलीवर भाजी करून आणतात. का म्हणून विचारलं तर म्हणे, वारा चांगला असतो तिथे. कॉफीही प्यायच्या बंद झाल्यात. आयुष्यभर त्या कॉफीशिवाय तोंड उघडत नव्हत्या. प्रेमात पडल्यावर माणसाचं असं होतं म्हणतात.

गिऱ्हाईक तेवढं टिकून आहे. ताटं पुसून परत येतात. या जगात सडकं आणि चांगलं ह्यातला फरक कळणारी मी एकटीच राहिलेय की काय, असं वाटतं आणि किळस येते. लोकांची, जाळीची, सगळ्याची.

२२ तारीख, शुक्रवार. दुपार

रागानं लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी फ्रीजवाल्याकडून उद्याच्या क्लबचा सगळा माल आला. दोन दिवस त्या बाजूला वीज नव्हती म्हणे, पण तो म्हणाला, माझा फ्रीज घट्ट आहे, गारवा धरतो. मी झाकण काढलं. श्वास आधीच रोखून धरला होता, सवयीनं. मग सोडला. आणि काहीच आलं नाही! गटार नाही, रबर नाही. उलट पिकलेल्या खरबुजासारखा मंद गोडसर वास. मी डब्यात तोंड घातलं आणि नुसती हुंगत राहिले. किती दिवसांनी पोटात भूक हलली. मांस जरा चिकट होतं, कडेला हिरवट छटा होती, पण मुरलेलं मांस तसं असतं, कुठेतरी ऐकलंय. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. म्हटलं, संपलं सगळं, सापडलं चांगलं मांस. एक तुकडा माझ्या जेवणासाठी बाजूला डब्यात काढून ठेवला.

तेवढ्यात वन्सं आत आल्या, दारातच थबकल्या आणि पदर नाकाला लावला.

"वहिनी, हे काय आहे?"

"उद्याचं मांस. या, हुंगून बघा, किती दिवसांनी..."

"टाक ते! आधी टाक!"

ज्यांना जन्मात कधी वास आला नाही त्या बाई मला सांगणार. मी म्हटलं, तुमच्या मामाचा माल नाही म्हणून टाकायचा का? तो गल्लीत भेटतो, मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?

वन्संनी नाकावरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "वहिनी, बस. मी सगळं सांगते. नीट ऐकून घे."

"मला काही ऐकायचं नाही. उद्या भाजायचंय मला."

"लोक मरतील गं!"

आणि त्या न्हाणीत गेल्या, फिनेलची बाटली घेऊन आल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या मांसावर ओतली. एकेका तुकड्यावर. बाटली हलवून हलवून शेवटचा थेंबसुद्धा.

मी काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. माझं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही, असं बोलले. भाऊ गेला तेव्हापासून माझ्या जिवावर बसलायत तुम्ही, असंही बोलले. दार उघडून दाखवलं. त्यांनी बॅग भरली. जाताना म्हणाल्या, "उकडलेला बटाटा खिडकीत ठेवलाय, गार झाला की खा."

उद्या क्लबचं जेवण आणि माझ्याकडे मांस नाही. गेली जागा, गेलं सगळं. इतका राग मला नवऱ्याच्या मरणाचाही आला नव्हता.

२२ तारीख, पुन्हा

संध्याकाळी तो बाजूला काढलेला तुकडा घेऊन मागच्या पायरीवर बसले. खायचा होता, पण एकटीसाठी शेगडी पेटवावीशी वाटेना. तेवढ्यात बोकोबा आला. हा गल्लीतला बोका. याला काहीही चालतं. मेलेला उंदीर, भिजलेला पाव, एकदा तर त्यानं वन्संच्या लोकरीच्या मोज्याचं टोक खाल्लं. मी तुकड्यातला कोपरा कापून त्याच्यापुढे टाकला.

तो पुढे आला, हुंगला, मान मागे घेतली. आणि मग पुढच्या पायानं जमीन खरवडायला लागला. त्याच्यावर माती ओढायला लागला. बोका घाण केल्यावर करतो ना, अगदी तसं. पायरी दगडाची, माती कुठली येतेय? तरी तो खरवडत राहिला, आणि मग माझ्याकडे एकदा बघून निघून गेला.

मी तिथेच बसून हात हुंगले. पेस्ट, कांदा, चहा, कॉफी, वन्संचे केस, माझे हात. सगळ्यांना एकच घाण. आणि ह्या एकाला नाही.

डब्याला झाकण लावलं आणि मामाच्या दुकानाकडे निघाले. तो शटर ओढायच्या बेतात होता. आत ठोकळ्याशेजारी उलट्या पेटीवर वन्सं बसलेल्या, मांडीवर बॅग.

मी डबा पुढे केला. "मामा, ह्याला वास येतो का?"

त्यानं झाकण उघडलं. जन्मभर आतडी धुतलेला माणूस. तोंडाला रुमाल लावून तो भिंतीकडे वळला, आणि पाठमोराच म्हणाला, "वहिनी, झाकण लावा. देवाशप्पथ, लावा."

"आता आजचं ताजं दाखवा."

त्यानं ताजा काप काढला, एक टोक तिथल्या लहान शेगडीवर धरलं. चरबी तडतडली. आणि आलं. गटार, रबर, सेंट. मी डोळे मिटले तरी आलं.

"माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं तापानंतर," मामा म्हणाला. "सगळं जेवण सडकं लागायचं. वर्षभरानं आलं नाक परत. काहींचं येत नाही म्हणतात, पण त्याचं आलं."

मी वन्संकडे वळले. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं," वन्सं म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं. तू म्हणालीस, तुम्हाला नाक चष्मा ठेवायला दिलंय."

मग एकेक सांगत गेल्या. बरणी टाकलीच नव्हती, जिन्याखाली ठेवली होती. फ्रीजवाल्याचं मांस रोज मागच्या दारानं जायचं आणि मामाचं पिशवीतून आत यायचं. मॅनेजरला जो घास दिला, तो तापाआधीच्या मसाल्याचा; तेव्हापासून गिऱ्हाइकांनाही तोच. माझा लवंगेचा मसाला त्यांनी मुंग्यांच्या वारुळावर टाकून पाहिला, मुंग्या घर सोडून गेल्या म्हणे. हे ऐकून मामा हसला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून सुरी पुसायला लागला.

"एवढं सगळं कशाला केलंत?" मी म्हटलं. "मला जाळीवरून उठवायचं होतं, झालं असतं."

"दादा गेला तेव्हा तू वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. उठलीस ती त्या जाळीपुढे उभी राहायला. तिथून तुला मी कशी उठवू?"

मला त्यांच्या ओल्या केसांकडे बघवेना. आजही दोनदा अंघोळ केली होती त्यांनी. घालवून दिल्यावरसुद्धा, मामाच्या घरी जाऊन.

माफी वगैरे मला नीट मागता येत नाही. मी त्यांची बॅग उचलली आणि म्हटलं, "चला. बटाटा गार झाला असेल." बॅग जड होती. वाटेत चाचपून पाहिलं. आत बरणी होती.

२४ तारीख, रविवार

क्लबचं जेवण पार पडलं. ताटं कोरी परत आली. मॅनेजर पुढच्या महिन्यापासून बागेतली जागा घ्या म्हणाला. उद्या सकाळी डॉक्टर. मी फडकं बांधून भाजलं, मध्ये दोनदा बागेच्या कुंपणामागे जाऊन ओकून आले आणि परत जाळीवर उभी राहिले. मांस मामाचं, अर्थात. त्याला मी सगळ्यांदेखत चांगला माणूस म्हटलं. वन्सं लाजल्या. म्हणजे तेवढं मात्र मी बरोबर ओळखलं होतं!

पण मला लिहायचंय ते काल सकाळचं. बरणीत तळाला मूठभरच मसाला उरला होता, शंभर ताटांना कुठून पुरणार? नवा करायलाच हवा होता, आणि प्रमाण कुठेच नाही. किती घालायचं ते माझ्या हाताला माहीत आहे, हातांनी घातलं. धणे, मिरी, जिरं, मोहरी, मिरची. पण थांबायचं कधी, ते नाकाला माहीत होतं. थोडं कमी भाजलं तर कच्चट लागतं, थोडं जास्त झालं तर सगळं कडू.

मी कढई चढवली आणि वन्संना तिच्यावर वाकवून उभं केलं. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. कढई तापली आणि ते गटार वर यायला लागलं. मी बादली पायाशी ठेवली होती. उलथणं हलवत राहिले.

"कसला वास येतोय?"

"छान."

"छान म्हणजे काय? छान तर साबणाचाही येतो. नीट सांगा."

वन्सं गोंधळल्या. त्यांना कधी कुणी असं विचारलंच नव्हतं. परत वाकल्या. "पोत्याचा येतोय. नव्या पोत्याचा."

"कच्चं आहे. आता?"

"आता... सुकल्या गवताचा. मिरचीचा जरा ठसका."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते खाण्याचं नव्हे. घाण डोळ्यांपर्यंत आली होती. हात सांगत होता आता उतरव, पोट सांगत होतं आता पळ.

"वन्सं, जळेल."

"थांब."

"अहो, करपेल सगळं!"

"थांब म्हणते ना." नाक अगदी वाफेत घालून, डोळे मिटून उभ्या होत्या. मी कधी बघितलं नव्हतं त्यांना असं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत हलवत राहिले, दुसरीकडे बघायला काही नव्हतंच.

मग त्या म्हणाल्या, "वहिनी, दादा कधी कधी वर पडून राहायचा ना, भूक नाही म्हणून? आणि तू खाली मसाला भाजत असलीस, की थोड्या वेळानं जिन्यावर त्याची चप्पल वाजायची. तो वास आला बघ. आत्ता."

मला गटाराचाच येत होता. मी कढई उतरवली.